स्मरणिकेच्या फायली आणि कीबोर्ड : कामाच्या नोंदी

९ जून

स्मरणिकेचं संगणकावरचं काम आजपासून सुरू. शाळेचं अमृतमहोत्सवी वर्ष आहे आणि गणपतीच्या आधी छापील प्रती हातात हव्यात, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत मजकूर प्रेसला गेलाच पाहिजे. जागा नारायण पेठेत, शाळेच्या ग्रंथालयामागची खोली. दोन संगणक, माझा लॅपटॉप, एक प्रिंटर. टायपिंगला काकू (सरकारी कचेरीतून निवृत्त), शुद्धलेखनाला आमचेच मराठीचे सर, आणि संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर माझा भाचा.

साहित्य आहे साठेक लेखांचं. बरेच वर्डमध्ये, काही व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवलेले, काही ईमेलमध्येच लिहिलेले, पाच-सहा जुन्या श्रीलिपी फॉन्टमधले, थोडी हस्तलिखितं. एका माजी विद्यार्थ्याने छापील लेखाचा फोटो काढून तो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून पाठवलाय. फायलींची नावं : ‘लेख’, ‘लेख नवीन’, ‘लेख फायनल’, ‘फायनल खरं’.

म्हणून पहिलं काम नावं बदलण्याचं. फाइल निवडून एफ२, नवं नाव टाइप करायचं आणि एंटरऐवजी टॅब मारायचा. लगेच पुढच्या फाइलचं नाव खुलतं. आख्खं फोल्डर माउस न धरता झालं.

या नोंदी पुढच्या वेळी हे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्यासाठी. शॉर्टकटच्या लांबलचक याद्या कुठेही मिळतात, पण त्या इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी केलेल्या असतात. शिफ्ट+एफ३ हे त्यांत हटकून वर असतं : निवडलेला मजकूर कॅपिटलमध्ये. देवनागरीला कॅपिटलच नाही, तेव्हा ते बटण आपल्याकडे बाद. आपल्याला काय लागतं ते लागेल तसं लिहीन.

१० जून

फाइल उघडली की आधी कंट्रोल+शिफ्ट+८. जिथे जिथे एंटर मारलाय तिथे ¶ अशी खूण दिसते, स्पेसच्या जागी ठिपका आणि टॅबच्या जागी बाण. लेख वाचायच्या आधी लेखकाच्या सवयी वाचून होतात.

आजचा नमुना. शीर्षक छान मध्यावर दिसत होतं. खुणा दाखवल्या तर त्याच्या डावीकडे ठिपक्यांची रांग. स्पेसबार दाबत दाबत मध्यावर ढकललेलं. अक्षर जरा मोठं केलं की सगळं उजवीकडे सरकणार. खाली प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶, दोन परिच्छेदांच्या मध्ये दोन ¶, आणि लेखकाचा परिचय पुढच्या पानावर जावा म्हणून लेखाखाली ¶ची उतरंड. वरच्या मजकुरातली एखादी ओळ काढली की परिचय मागच्या पानावर चढून बसतो.

काकूंनी वाकून पाहिलं. “अगं, हा टाइपरायटरवर शिकलेला माणूस आहे.” बरोबर आहे त्यांचं. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि कॅरेज हाताने परत सारावं लागायचं. मध्यावर शीर्षक घ्यायचं तर कागदाच्या मध्यावर जायचं, अक्षरं मोजायची, त्याच्या निम्म्या वेळा बॅकस्पेस मारायचा आणि तिथून सुरुवात करायची. काकूंनी टायपिंगची सरकारी परीक्षा याच रीतीने दिली. यंत्र बदललं पण हात तेच राहिले, आणि त्यात अडाणीपणा काही नाही. त्यांना एवढंच सांगितलं : मध्यावर आणायला कंट्रोल+ई, पान तोडायला कंट्रोल+एंटर, आणि ओळ संपली तरी काही करायचं नाही. शेवटचं त्यांना सगळ्यात जड जातंय.

११ जून

ओळीओळीला एंटर असलेल्या फायली हाताने नीट करायला घेतल्या तर दिवाळी उजाडेल. कंट्रोल+एच, म्हणजे फाइंड अँड रिप्लेस. त्यात एंटरसाठी टोपीचं चिन्ह ^ आणि लगेच इंग्रजी छोटा पी असं लिहायचं. खाली याला ‘टोपी-पी’ म्हणते.

क्रम महत्त्वाचा. आधी ‘स्पेस आणि टोपी-पी’ शोधून त्या जागी नुसता टोपी-पी, म्हणजे ओळींच्या शेपटाला लटकलेल्या स्पेस जातात. मग लागोपाठ दोन टोपी-पी शोधून त्याजागी ## टाकायचं. हे खरे परिच्छेद, त्यांना तात्पुरतं लपवून ठेवलं. मग उरलेला प्रत्येक टोपी-पी काढून त्याजागी एक स्पेस. आता आख्खा लेख एकाच परिच्छेदाचा झाला, घाबरायचं नाही. शेवटी ## काढून टोपी-पी. दोन स्पेसच्या जागी एक स्पेस हे मात्र शून्य बदल म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. त्या चौकटीत ऑल्ट+ए म्हणजे रिप्लेस ऑल, त्यामुळे नुसतं ऑल्ट+ए, एंटर, ऑल्ट+ए, एंटर.

दोन परिच्छेदांत मोकळी ओळच सोडलेली नसेल तर ही युक्ती चालत नाही. तसे लेख छापून सरांकडे दिले. ते पेन्सिलीने परिच्छेद पाडून देतात.

कविता आणि अभंग असलेल्या फायली वेगळ्या काढून ठेवल्या. त्यांच्यावर हा रणगाडा फिरवायचा नाही.

१३ जून

श्रीलिपीतल्या फायली. पुण्यातल्या छपाईच्या धंद्याची कित्येक वर्षं या फॉन्टवर गेली, आणि श्रीलिपी करणारे मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचेच. तेव्हाची ती गरज होती. आज अडचण अशी की त्या फायलींच्या पोटात मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरांचे संकेत आहेत आणि त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवलाय. फॉन्ट बदलून एरियल केला की ‘शाळा’च्या जागी कसलीतरी चिन्हं. अशा फाइलमध्ये ‘शाळा’ शोधली तर सापडत नाही आणि शुद्धलेखन तपासता येत नाही. शॉर्टकट वगैरे पुढची गोष्ट.

कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या आजच्या पद्धतीत. बहुतेक मजकूर नीट आला, पण पहिली वेलांटी आणि रफार तपासावे लागतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी ‘र्’ आणि मग अक्षर. साध्या अक्षरांना कन्व्हर्टर ही अदलाबदल बरोबर करतो, जोडाक्षर आलं की गडबडतो. ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘वार्षिक’, ‘दर्शविले’ असे शब्द कंट्रोल+एफने शोधायचे. सापडले नाहीत तर समजायचं की ते मोडलेल्या रूपात कुठेतरी बसलेत.

१६ जून

आज स्टाइल्स, म्हणजे शीर्षक, पोटमथळा, कविता अशा प्रत्येक प्रकारासाठी एकदाच ठरवून ठेवलेली मांडणी. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचणार आहे आणि सगळ्यात कमी उत्साह लोकांना इथेच असतो.

साफ झालेल्या गद्य फाइलमध्ये कंट्रोल+ए, मग कंट्रोल+स्पेस (अक्षरांवरची जादा सजावट जाते), मग कंट्रोल+क्यू (परिच्छेदांची जादा मांडणी जाते). जांभळी शीर्षकं, अधोरेखित नावं, सावल्या, सगळं गेलं. लेखकाने मुद्दाम तिरप्या केलेल्या ओळीही यात जातात, म्हणून मूळ प्रत शेजारी उघडी ठेवायची. विंडोज+डावा बाण, विंडोज+उजवा बाण, दोन्ही खिडक्या बरोब्बर अर्ध्या अर्ध्या.

मग लेखाच्या नावावर ऑल्ट+कंट्रोल+१ म्हणजे हेडिंग १, पोटमथळ्यावर ऑल्ट+कंट्रोल+२. लेखकाचं नाव, परिचय, अवतरण आणि कविता यांच्या स्टाइल्स आपण केल्या आणि त्यांना स्वतःची बटणं दिली : स्टाइलवर उजवी टिचकी, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, त्यात शॉर्टकट की.

मराठीसाठी इथे एक चोरखिसा आहे. कंट्रोल+डीने फॉन्टची चौकट उघडा. वर लॅटिन मजकुराचा फॉन्ट, त्याखाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार. देवनागरी या खालच्या कप्प्यातून चालते. वरचाच बदलला तर इंग्रजी आकडे बदलतात आणि मराठी मजकूर जागचा हलत नाही. ‘मी फॉन्ट बदलला पण बदलतच नाही’ ही आजवर ऐकलेली निम्मी गाऱ्हाणी याच कप्प्याची. स्टाइलमध्ये दोन्ही कप्पे एकदा भरून टाकले.

२० जून

पालख्या शहरात. लक्ष्मी रस्ता बंद, काकू येऊ शकल्या नाहीत, सर वारकऱ्यांना चहा द्यायला गेले. भाच्याने घरी बसून चार फायली केल्या, पण त्याच्याकडे वर्ड नाही, लिबरऑफिस आहे. फुकट आहे, चांगलंही आहे, फक्त बटणं वेगळी. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल+१ म्हणजे हेडिंग १. वर्डमध्ये कंट्रोल+१ म्हणजे ओळींमधलं अंतर एकेरी. तिथे कंट्रोल+एम सजावट काढतं, इथे तेच बटण परिच्छेद आत सरकवतं. दोन्हीकडे काम करणाऱ्याच्या बोटांची पंचाईत. त्याला सांगितलं, घरी फक्त मजकूर टाइप कर, मांडणी इथे येऊन.

२४ जून

दिवसभर दोनच गोष्टींवर गेला. विसर्ग आणि ‘ऱ्य’.

सरांनी छापील प्रतीवर ‘दु:ख’भोवती गोल काढला. मला काही चूक दिसेना. “विसर्ग अक्षराला चिकटलेला हवा, हा लांब उभा आहे,” सर म्हणाले. त्यांचे डोळे! तो विसर्ग नव्हताच, इंग्रजी कोलन होतं. मोबाइलवर विसर्ग शोधण्यापेक्षा कोलन पटकन सापडतं, म्हणून लोक तेच टाकतात. दिसायला जवळपास सारखं, पण संगणकाच्या लेखी ‘दु:ख’ हा एक शब्दच नाही. सगळी कोलनं बदलताही येत नाहीत, कारण ‘वेळ : सकाळी ९’ इथे कोलनच हवं. तेव्हा शब्दांची यादी केली : दुःख, स्वतः, अंतःकरण, निःशुल्क, प्रातःकाल, सामान्यतः, विशेषतः. एकेक शब्द घेऊन रिप्लेस ऑल. ‘स्वतः’ सगळ्यात जास्त निघाला. आठवणींचेच लेख आहेत, निघणारच.

‘ऱ्य’ची भानगड याहून खोल. कंट्रोल+एफने ‘दुसऱ्या’ शोधलं. एका फाइलमध्ये सापडलं, दुसरीत समोर दिसत असूनही नाही. दोन्ही शब्द नव्या ओळीवर आणले आणि मागून बॅकस्पेसने सोलत गेले. काना गेला, ‘य’ गेला. मग ऑल्ट+एक्स. हे बटण कर्सरच्या लगेच आधी जे चिन्ह असेल त्याचा युनिकोड क्रमांक दाखवतं, पुन्हा दाबलं की क्रमांकाचं चिन्ह होतं. एका फाइलमध्ये आलं ०९४डी, म्हणजे साधा हलन्त. दुसरीत २००डी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जोडक. आणखी मागे गेल्यावर पहिलीत ०९३१, म्हणजे नुक्त्याचा ‘ऱ’, आणि दुसरीत ०९३०, आपला नेहमीचा ‘र’. कागदावर एकच अक्षर, आत दोन वेगळ्या घडणी.

इथे रिप्लेस ऑल करायचं नाही. ‘र’ आणि ‘य’च्या जोडीला हात घातला की ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आचार्य’ यांचंही वाटोळं होण्याचा धोका. ऑल्ट+एफ म्हणजे पुढचा दाखव, ऑल्ट+आर म्हणजे हा बदल. दोन बोटांचं काम, नजर फक्त शब्दावर. दुसऱ्या, साऱ्याच, येणाऱ्या, कऱ्हाड, पायऱ्या, तऱ्हा असे सगळे नुक्त्याच्या ‘ऱ’वर आणले. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) इंग्रजी ‘J’च्या बटणावर ‘र’ आणि शिफ्टसकट दाबलं की ‘ऱ’, म्हणजे पुढचे लेख टाइप करताना हा प्रश्नच नको.

‘ॲ’चंही तेच. ‘ॲड.’ आमच्याकडे तीन प्रकारे आलंय : एकसंध ॲ (०९७२), ‘अ’वर वेगळा चंद्र, आणि हिंदीतला ‘ऍ’. माजी विद्यार्थ्यांत वकील पुष्कळ, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही.

१ जुलै

दुपारी पाऊस, वीज गेली. काकूंच्या संगणकाला बॅटरी नाही. वर्ड स्वतःहून सावधगिरीची प्रत ठेवतं, पण ती ठरलेल्या अंतराने, मूळ सेटिंग १० मिनिटांचं. ऑप्शन्समध्ये सेव्हखाली जाऊन ते २ मिनिटं केलं. काकू परिच्छेद संपला की कंट्रोल+एस दाबतातच. त्यांचं काही गेलं नाही.

वीज आल्यावर फाइल उघडून शिफ्ट+एफ५. मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तिथे कर्सर जातो. चाळीस पानांच्या फाइलमध्ये ‘कुठे होते मी’ हे शोधणं संपलं. हे बटण काकूंनी लगेच उचललं.

४ जुलै

काकूंचा टायपिंगचा वेग आमच्या दोघांच्या बेरजेइतका. वेळ जातो तो हात माउसवर जाऊन परत येण्यात. म्हणून आज फक्त हिंडण्या-फिरण्याची बटणं पाहिली.

कंट्रोल धरून डावा-उजवा बाण : शब्दागणिक उडी. कंट्रोल धरून वर-खाली : परिच्छेदागणिक. त्यातच शिफ्ट धरला की तेवढा मजकूर निवडला जातो. कंट्रोल+बॅकस्पेसने आख्खा मागचा शब्द जातो. एफ८ दोनदा दाबलं की शब्द, तीनदा वाक्य, चारदा परिच्छेद निवडला जातो आणि एस्केपने सुटका. आणि ऑल्ट+शिफ्ट धरून वरचा-खालचा बाण : कर्सर आहे तो परिच्छेद उचलून वर-खाली. कापा-चिकटवा नाही.

एक गोष्ट काकूंनी मला दाखवली. बॅकस्पेस आणि डिलीट देवनागरीत सारखे वागत नाहीत. ‘क्षि’च्या मागून बॅकस्पेस मारला तर आधी फक्त वेलांटी जाते, मग ‘ष’, मग हलन्त, एकेक पापुद्रा. पुढून डिलीट मारलं तर आख्खं अक्षर एका झटक्यात. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बदलायचं असेल तर कर्सर अक्षराच्या नंतर ठेवून एकच बॅकस्पेस आणि नवी वेलांटी. काकू हे कधीपासून करतायत. त्या रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर टाइप करतात, भाचा इन्स्क्रिप्टवर, मी इंग्रजी अक्षरांतून. बॅकस्पेसचं वागणं तिघांनाही तेच.

भाच्याच्या लॅपटॉपवर एफ८ दाबलं की आवाज कमी-जास्त होतो. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन+एस्केप दाबलं की वरची ओळ खऱ्या एफ-बटणांची होते. त्याच्यावर ते चाललं. काकूंसाठी तपकीर गल्लीतून जरा खोल बटणांचा साधा कीबोर्ड आणला, जुन्या मशिनसारखं बोट खाली जाणारा. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

१० जुलै

भिंतीवर लावलेली छापील यादी काढून टाकली. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. त्याऐवजी प्रत्येकाच्या पडद्याच्या कडेला त्याची स्वतःची चिठ्ठी, चार-पाच बटणांची, ज्याला जे रोज लागतं ते. काकूंच्या चिठ्ठीवर शिफ्ट+एफ५ वर आहे. भाच्याच्या चिठ्ठीवर विंडोज+व्ही : मागे कॉपी केलेल्या २५ गोष्टींची यादी समोर येते, त्यातून हवी ती चिकटवायची. विंडोज १०च्या २०१८मधल्या आवृत्तीपासून ही सोय आहे आणि पहिल्यांदा दाबल्यावर ती चालू करू का असं विचारते. सरांच्या चिठ्ठीवर काहीच नाही, कारण ते संगणकाला हात लावत नाहीत.

प्रेसचे मालक डोकावून गेले. त्यांची सुरुवात वर्डस्टारवर. १९७८चं सॉफ्टवेअर ते, माउस नव्हताच. कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स या चार बटणांनी कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली जायचा. कीबोर्डवर ही चार बटणं बघा, चौकट तयार होते. “कंट्रोल-के-एस झोपेत दाबायचो,” म्हणाले. वर्डस्टारमधलं सेव्ह.

१७ जुलै

सरांची एक मागणी : ‘कै.’ ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीवर, हे चालणार नाही. अपमान आहे तो. तसंच ‘डॉ.’, ‘श्री.’, ‘रु.’ आणि ‘इ.स.’. उपाय सोपा : मध्ये नेहमीची स्पेस न देता कंट्रोल+शिफ्ट+स्पेस. ही स्पेस दोन्ही बाजूंना एकत्र ठेवते. सगळीकडे हाताने टाकायची गरज नाही, रिप्लेसमध्ये ‘कै. ’ शोधून त्याजागी टोपीचं चिन्ह आणि इंग्रजी छोटा एस असलेलं ‘कै.’ टाकायचं.

कविता आणि अभंगही आज झाले. कडव्यातल्या ओळींना शिफ्ट+एंटर, कडवं संपल्यावर एंटर. त्यामुळे कडवं एकच परिच्छेद राहतं आणि दोन कडव्यांतलं अंतर स्टाइल सांभाळते. अभंगात लोकांनी दोन उभ्या दांड्या || अशा टाकल्यात. त्या एका झटक्यात ॥ केल्या.

सरांच्या दुरुस्त्या काकू फाइलवर चढवतात तेव्हा आधी कंट्रोल+शिफ्ट+ई दाबून ट्रॅक चेंजेस चालू. काय बदललं ते रंगात दिसतं, आणि लेखकाचा फोन आला की ‘तुमचं हे वाक्य असं केलं’ म्हणून सांगता येतं. शंका असेल तिथे ऑल्ट+कंट्रोल+एमने टिप्पणी. एका लेखकाचं म्हणणं, सरांनी त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. सरांनीच त्यांना नववीत शिकवलंय. हा वाद कीबोर्डने मिटणारा नाही, मी मधून बाजूला झाले.

२५ जुलै

देणगीदारांची यादी. ओळीत नाव, टॅब, गाव, टॅब, रक्कम असं आलं होतं. सगळं निवडून इन्सर्टमधल्या टेबलखाली ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल’, तक्ता तयार. रकमेनुसार लावला. समितीने सांगितलं, अकारविल्ह्याने लावा. लावला. मग सांगितलं, आधी माजी मुख्याध्यापक, मग बाकीचे अकारविल्ह्याने, पण अमुक नाव तमुकच्या खाली नको. इथे ऑल्ट+शिफ्ट+बाण देवासारखा धावून आला. तक्त्यात तो आख्खी ओळ उचलून वर-खाली नेतो. समितीचे दोघं शेजारी बसले, “वर, आणखी वर, आता खाली” म्हणत राहिले, आणि मी बाण दाबत राहिले. मानापमान पडद्यावरच मिटला.

याद्यांत ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’ आणि शाळेचं लांबलचक नाव सारखं येतं. शाळेचं पूर्ण नाव एकदा निवडून ऑल्ट+एफ३, त्याला छोटं नाव दिलं. आता ते छोटं नाव टाइप करून एफ३ दाबलं की पूर्ण नाव उमटतं, सगळीकडे सारखं. आधी तेच नाव लोकांनी किती तऱ्हांनी लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही.

५ ऑगस्ट

सगळे लेख एका फाइलमध्ये. हेडिंग १ सगळीकडे असल्यामुळे रेफरन्सेसमधून अनुक्रमणिका आपोआप आली. एका लेखाची जागा बदलली की कंट्रोल+ए, एफ९ आणि पानांचे आकडे नवे. डाव्या बाजूला नेव्हिगेशन पेन उघडा ठेवला. तिथे शीर्षक धरून ओढलं की पूर्ण लेख त्याच्या मागे हलतो. संपादक मंडळाने क्रम पुन्हा बदलला तेव्हा कोणालाही राग आला नाही.

सरळ अवतरणचिन्हं राहिली होती. त्यांना गोल करायला शोधायच्या आणि बदलायच्या दोन्ही चौकटींत तेच सरळ चिन्ह टाकून रिप्लेस ऑल. ऑटोकरेक्टमधली स्मार्ट कोट्सची खूण चालू असली की वर्ड स्वतःच उघडणारं आणि मिटणारं ओळखतं. कवितेत ओळीच्या सुरुवातीला दोन-तीन जागी फसलं, ते हाताने केलं.

१२ ऑगस्ट

प्रेसला फाइल दिली. एफ१२ने दोन प्रती : एक वर्ड, एक पीडीएफ. पीडीएफ फक्त ताडून बघायला, जोडाक्षरं इथे दिसतात तशीच तिकडे दिसतायत का ते. प्रेसमध्ये पानं इनडिझाइनवर लागतात. देवनागरी नीट जुळायला तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला असावा लागतो. त्यांच्या मुलाने वर्डमधल्या स्टाइल्स त्यांच्या स्टाइल्सना जोडून दिल्या आणि मजकूर आत ओढला. शीर्षकं शीर्षकांच्या जागी, लेखकांची नावं नावांच्या जागी, अभंग अभंगासारखे. चाचणीची सोळा पानं संध्याकाळपर्यंत हातात.

सरांनी त्यात एक ‘दु:ख’ शोधून काढलं, कोलनवालं. ते एका फोटोच्या ओळीत होतं, आणि फोटोच्या ओळी प्रेसमध्ये टाइप झाल्यात. विसर्गाच्या शब्दांची यादी त्यांच्याकडे पाठवली.

बाकी : मुखपृष्ठावरचा मजकूर समितीकडून यायचाय, दोन छायाचित्रांची नावं पटलेली नाहीत, आणि पोस्टकार्डावर आलेला लेख काकू उद्या सकाळी टाइप करणार आहेत.